सतरंजीवरचा आवाज

"रेषा सरळ आली की. मग हिला अजून काय हवंय?" लॅपटॉपकडे बोट दाखवत निखिल म्हणाला.

निखिल झुइडासला, इथल्या ऑफिसांच्या भागात, आयटीत आहे. जवळच्याच बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटवर मी स्पीकर ट्यून करायला गेले होते. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, आता हाच माझा व्यवसाय. लॅपटॉपवर जो आलेख होता त्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. डावीकडे खर्ज, उजवीकडे बारीक, टिपेचे आवाज. खोलीत कुठला आवाज किती जोरात पोहोचतो ते त्यात दिसतं.

त्याच्या बायकोला, अनघाला, रेषेशी काही देणंघेणं नव्हतं. तिचे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या गाण्याची घरगुती रेकॉर्डिंग्ज ऐकायलाच हे स्पीकर घेतले होते, आणि परत करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"हे बाबा वाटतच नाहीत," ती म्हणाली. "कुणीतरी त्यांची नक्कल करतंय."

सरळ रेषा घरात बहुतेकांना कर्कश वाटते. त्यात इथल्या मोठाल्या, बिनपडद्यांच्या खिडक्या, काचेवर आपटून आवाज आणखी टोचतो. मी रेषेला उजवीकडे हलका उतार दिला, म्हणजे टिपेचे आवाज थोडे कमी केले. अनघाने सोफ्यावर ताठ बसून ऐकलं आणि ती म्हणाली, "बरं आहे." असल्या "बरं आहे"चा अर्थ कळायला मशीन लागत नाही.

मग चहा झाला. आपला कप घेऊन ती सवयीने खाली बसली, सोफ्याला पाठ टेकून.

"तुम्ही नेहमी अशाच बसता?" मी विचारलं.

"हो, आम्ही दोघंही. इथे सतरंजी असते. तुम्ही येणार म्हणून उचलून ठेवली."

मला हसू आलं. पाहुण्यांसाठी घर आवरायचं आपलं वेड इथेही सुटत नाही. आवाज मोजायचा माझा माइक सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर होता, आणि तिथे या घरात कुणी बसतच नव्हतं.

सतरंजी पुन्हा अंथरली, माइक खाली घेतला. तिथे खर्ज फुगलेला होता आणि माणसाचा गळा जिथे असतो तो मधला भाग खचलेला. ते सावरलं. मग निखिलला स्क्रीनकडे पाठ करून खाली बसवलं आणि दोन सेटिंग्ज ऐकवली, एक सरळ, एक उताराचं. त्याने उताराचं निवडलं.

आलेख पाहून म्हणाला, "पण ही रेषा तिरकी आहे."

"आवडली ना?"

"आवडली," तो नाइलाजाने म्हणाला.

अनघाने बाबांचा भूप लावला. आलापाआधी ते खाकरले, आणि तिचे डोळे भरून आले. "हे बाबा," ती म्हणाली.

स्पीकर परत गेले नाहीत. आता अपॉइंटमेंट देतानाच मी बजावते, मी येणार म्हणून घर आवरू नका.