सोळाव्या भागातली सासू

हर्षवर्धनने आंब्यांची पेटी आणली आणि वीणाताईंच्या पोटात गोळा आला.

आंबा बघून मराठी माणसाच्या पोटात गोळा यावा, हे तसं कुळाला बट्टा लावणारंच. पण त्याला कारण होतं. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला मुलाकडे राहायला आल्यापासून वीणाताईंनी शेजारच्या लाहोरवाल्या नुसरतच्या शिफारशीने पाकिस्तानी ड्राम्यांचा असा फडशा पाडला होता, की सबंध जग त्यांना आता भागांमध्ये दिसत होतं. नळ गळला तरी त्या पार्श्वसंगीताची वाट बघायच्या. आणि ड्राम्यांनी त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती : आईला कधी 'जेवलीस का' असंही न विचारणारा मुलगा एकाएकी फळं घेऊन आला, की लवकरच घरातून कोणीतरी जाणार.

प्रश्न एवढाच होता, की कोण?

वीणाताई देवतळे नागपूरच्या. उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. समोरचा नुसता 'हॅलो' म्हणण्याआधी श्वास कसा घेतो, त्यावरून त्या घरात मयत आहे की बारसं, हे त्यांना कळायचं. पण एक्सचेंजचा नियम कडक. लाइन जोडायची, आणि कानावर पडलं ते कानातच ठेवायचं. या एका नियमावर त्यांनी नोकरी काढली, संसार काढला आणि दोन नणंदाही काढल्या. नागपुरातल्या अर्ध्या सक्करदऱ्याची गुपितं पोटात घेऊन ही बाई भाजी आणायला जायची आणि चेहरा असा, जणू पोटात फक्त पोहे.

नियम मोडायच्या त्या फक्त टीव्हीसमोर. सध्याच्या ड्राम्यात शिवणाचा कारखाना चालवणारी एक जिद्दी सून होती. तिचं यश तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत सलायला लागलं होतं. नवऱ्याचा डाव सासूला ठाऊक होता, आणि ती जपमाळ ओढत गप्प बसली होती. वीणाताई सोफ्यावरून तिच्यावर तुटून पडायच्या.

"अवं सांगून टाक न तिला! तोंडात काय खर्रा भरून बसून राहिली?"

शेजारी मांडी घालून नात ज्ञानदा बसलेली असायची. वय वर्षं नऊ. ती खालची इंग्रजी अक्षरं वाचत ड्रामा बघायची. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही आयरिश हेल काढून. वाघाच्या पोटी जणू आयरिश मांजर जन्मलं होतं. पण दोघींचं छान चालायचं.

तर, कोण जाणार? वीणाताईंनी पहिला संशय सुनेवर घेतला. केतकी नास गावाजवळच्या औषधांच्या कारखान्यात होती. नुकतीच बढती मिळाली होती, घरी यायला उशीर व्हायचा, आणि फोन नेहमी टेबलावर पालथा. ड्राम्यात पालथा फोन म्हणजे अर्धा तलाक! वीणाताईंनी चार दिवस सुनेवर अशी पाळत ठेवली, की केतकीने शेवटी विचारलंच, "आई, माझ्या चेहऱ्याला काही लागलंय का?" फोन पालथा असायचा, कारण त्याची काच फुटली होती.

त्याच आठवड्यात केतकीने डासांसाठी मलमाच्या ट्यूबा आणल्या. शाळेला सुट्टी लागली की ज्ञानदा आजीबरोबर नागपूरला जाणार होती. "लेकीला तिकडचे डास फोडून काढतील हो," म्हणत केतकी एकेक ट्यूब बॅगेत नीट लावत होती, आणि तिच्या मागे उभा राहून हर्षवर्धन आंबा कापत होता. सालीची लांबच लांब पट्टी निघत होती. ती तुटत नव्हती. वीणाताईंना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, केतकी कामावरून यायच्या आधी, तो स्वयंपाकघरात आला. ज्ञानदा पलीकडे सोफ्यावर चित्रं रंगवत होती. घर असं, की स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात भिंतच नाही. पण ॲडम्सटाउनमधल्या आईबापांची एक गाढ समजूत असते : पोर इंग्रजीत बोलतं, म्हणजे मराठी त्याच्या डोक्यावरून जातं. त्यामुळे ही मंडळी पगारापासून भांडणापर्यंत सगळं मुलांच्या देखत मराठीत बिनधास्त बोलतात.

"आई, ज्ञानदा परत येणार नाही," हर्षवर्धन म्हणाला.

वीणाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मला इथे राहायचं नाही. केतकीला बढती मिळालीय, ती आता हलणार नाही. पण लेक तिकडच्या शाळेत बसली, की झक मारत येईल मागे. तू फक्त तिला घेऊन जा. हा तिचा पासपोर्ट. तिकडे कुलपात ठेव. केतकी न्यायला आली तरी द्यायचा नाही."

"अन् केतकीला कधी सांगशील?"

"सांगेन नंतर. तू कशाला काळजी करतेस? आंबा खा."

त्याचा श्वास वीणाताईंनी ऐकला. एक्सचेंजमध्ये असा श्वास आला, की त्या शेजारच्या ऑपरेटरला नुसती डोळ्यांनी खूण करायच्या : मयत. पण इथे खूण करायला शेजारी कोणी नव्हतं. त्यांनी पासपोर्ट लाडवांच्या डब्यात टाकला, डबा प्रेसमध्ये ठेवला - इथे कपाटाला प्रेस म्हणतात, नातीनेच शिकवलं होतं - आणि एक्सचेंजचा नियम पाळला. शेवटी मुलगा होता. एकुलता.

पुढचे दिवस घर गोड बोलत होतं. हर्षवर्धन केतकीला चहा करून देत होता. केतकी खुशीत होती. "आई, हा किती बदललाय, नाही?" वीणाताई "हो न," म्हणायच्या आणि घास गिळायच्या. बाहेर जूनमधली ती न संपणारी झिमझिम, आणि डब्लिनहून येणारी रेल्वेगाडी पुलावरून धडधडत गेली की आता त्यांना उगाचच दचकायला व्हायचं.

मग सोळावा भाग आला. सासू नातवाचा हात धरून गाडीत बसली. सून कारखान्यात हसत होती, तिला पत्ता नव्हता. वीणाताई सवयीने ओरडायला पुढे सरकल्या आणि पुन्हा मागे टेकल्या.

ज्ञानदाने रिमोटने चित्र थांबवलं. पडद्यावर सासूचा चेहरा हा एवढा.

"आजी," ती म्हणाली, "आर यू द बॅडी?" ड्राम्यातल्या दुष्टांना ती बॅडी म्हणायची.

"काय?"

मुलीने स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आजीकडे. आणि जन्मात पहिल्यांदा, शब्द चाचपत, मराठीत म्हणाली, "मम्माला... माहीत नाही ना?"

वीणाताईंना आता उमगलं. त्या दिवशी पोर रंगवत नव्हती, ऐकत होती. त्यांच्यासारखीच. ऐकून पोटात ठेवत होती. नवव्या वर्षीच ऑपरेटर!

केतकी आली तेव्हा संध्याकाळ उलटली होती, तरी बाहेर भरपूर उजेड होता. हर्षवर्धन शेवटचा आंबा कापत होता. वीणाताईंनी प्रेसमधून डबा काढला, दोन लाडू बाजूला सारले आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

"केतकी, हा तुझ्या लेकीचा. सुट्टी-बिट्टी काही नाही. हा तिला तिकडच्या शाळेत घालून राहिला. तू मागून यावं म्हणून. मला कुलपात ठेवायला सांगितला होता."

ड्राम्यात अशा वेळी वीज कडाडते आणि प्रत्येकाचा चेहरा तीनदा दिसतो. इथे फक्त फ्रिज घरघरत होता.

हर्षवर्धनने सुरी खाली ठेवली. "आई, तू कोणाची आई आहेस?"

"तुझीच रे बाप्पा. म्हणून तुझ्यासमोर सांगून राहिली. मागून करायचं असतं, तर तुझ्यासारखं केलं असतं."

 केतकीने नवऱ्याकडे इतका वेळ बघितलं, की त्यानेच मान फिरवली. मग तिने पासपोर्ट पर्समध्ये टाकला. "ज्ञानदा, जॅकेट घाल. नुसरतकडे जायचंय." दारात ती थांबली. "आई, तुम्ही?"

"तुम्ही व्हा पुढे. मी येते."

दार लागलं. भिंतीपलीकडे नुसरतचं दार उघडलं आणि बंद झालं. हर्षवर्धन आंब्याच्या फोडींसमोर बसून राहिला. वीणाताई त्याच्यासमोर बसल्या, लहानपणी ताप आला की बसायच्या तशा, आणि त्याचा श्वास ऐकू लागल्या.

तो येत होता, जात होता. मयत की बारसं? त्यांनी कान लावून पुन्हा ऐकलं. पण साऱ्या हयातीत पहिल्यांदाच वीणाताईंना पलीकडचं काही कळेना.