बंडीखालचा ज्योतीराम

आमच्या निघोज्याला बैल आणि माणूस एकाच नजरेनं जोखायची खोड. चाकणच्या बाजारात बैलाच्या पाठीवर थाप मारायची आणि गावात आलं की तोच हात माणसाच्या छातीवर. ज्योतीराम लहानपणापासून काटकुळा, बरगड्या वर आलेल्या. तालमीतल्या पोरांनी त्याला 'काडीपैलवान' म्हणायला सुरुवात केली आणि शहाण्यासुरत्या म्हाताऱ्यांनीही तेच नाव चालवलं.

देहूरोडच्या लष्करी डेपोत तो पेट्या उचलायचा, कामात कुणाला हार जायचा नाही. पण ते नाव पडल्यापासून त्याला उघड्या अंगानं कुणी पाहिलं नव्हतं. भर वैशाखात आत दोन जाड बंड्या, वर सदरा. नदीवर अंघोळसुद्धा बंडी घालूनच. कपड्यांत जरा भरल्यासारखा दिसायचा, तेवढंच त्याचं समाधान.

चोपन्न साली चिखलीच्या चिमाजीच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. वऱ्हाड चिखलीत उतरलं. हळद तिथंच मांडवात, आधी नवऱ्याला आणि त्याची उष्टी मग नवरीला. ज्योतीराम पाटावर बसला तशा बायका म्हणाल्या, "नवरदेव, बंडी काढा."

"अंगात ताप हाय," ज्योतीराम पुटपुटला.

नवरीच्या आत्यानं, दुर्गाबाईनं, त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार.

"कसला ताप न् कसलं काय! छातीवर कोड आसंल, म्हून झाकतोय!"

चिमाजीनं हात जोडले. "पावनं, एकडाव बंडी काढा. शंका तरी मिटंल."

काढली असती तर तिथंच मिटलं असतं. अंगावर एक डाग नव्हता. पण समोर नवरीच्या मैत्रिणी बसलेल्या, त्यातली एक आधीच तोंडाला पदर लावून हसत होती. ज्योतीराम उठला आणि हळदीच्या हातापायांनी गावाकडं चालू लागला. हसण्यापेक्षा त्याला कोड परवडलं! मला त्याचा अजून राग येतो, आणि आमच्या गावाचा त्याहून जास्त.

लग्न मोडलं, पण आवई पंचक्रोशीत फिरत राहिली. त्या घराण्यात कोड आहे म्हणून त्याच्या पाठच्या बहिणीसाठी, ठकूसाठी, कुणी उंबरा चढेना. ठकूचं वय वाढत गेलं. ज्योतीरामाच्या घशाखाली घास उतरेना, होता त्याहून खंगला.

शेवटी मंचरकडचे अर्जुनराव मुलासाठी ठकूला बघायला आले. ठकू पसंत पडली. पण निघता निघता त्यांनी कोडाचं विचारलंच. ज्योतीरामाची आई रडायला लागली.

तेव्हा ज्योतीराम अंगणात आला. सदरा काढला, दोन्ही बंड्या काढल्या आणि उघडा उभा राहिला. दारात ठकू, कुडापलीकडं आम्ही शेजारी.

"बगा. नीट बगा," म्हणाला आणि आपणहून पाठही फिरवून दाखवली.

अर्जुनरावांनी बरगड्यांवरून सावकाश नजर फिरवली. मग पायताणात पाय घातला.

"कोड न्हाई, ते खरं. पर ह्यो क्षय दिसतोय. क्षयाच्या घरातली पोर आमी न्हाई करायचो."

ते गेले. अंगण झाडून घेतल्यासारखं मोकळं झालं. ठकू भावापुढं येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तवा मांडवात काढली आसतीस, तर तुजं नुसतं हसं झालं आसतं."