तुरटीतली वेणी

शिवणकाम करणाऱ्या आमच्या मामींना घरच्या घरी रसायनांचे प्रयोग करायचा भारी नाद. तुरटीच्या कढत पाण्यात दोरा सोडायचा. पाणी निवलं की दोऱ्यावर स्फटिक धरतात. एकदा त्यांनी दोऱ्याऐवजी स्वतःच्या थोरल्या बहिणीची वेणी बरणीत सोडली. बहीण ऐन विशीत गेली, तेव्हापासून तिची ती काळीभोर वेणी मामींनी जपली होती. आठवड्याभरात केसाकेसावर स्फटिक धरून ती पांढरीशुभ्र झाली.

मामांच्या अंगावर काटा आला. "अगं, फेकून दे ते!"

"असं काय करता?" बरणीवरून हात फिरवत मामी म्हणाल्या, "आत्ता कुठे ताई म्हातारी व्हायला लागलीय."

मामा बरणी ठेवलेल्या त्या खोलीत पुन्हा एकटे गेले नाहीत. मामी मात्र तिथेच मशीनवर बसायच्या, मध्येच थांबून कुणालातरी उत्तर द्यायच्या.