कंदाचा साबुदाणा

राजापेठेतल्या घरी नातवाला ताप आला, म्हणून काल साबुदाण्याची पेज शिजवली. तिचा तो पिठूळ, ऊन वास आला आणि मी लहानपणीच्या, वलगावच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

आईचा टायफॉइड नुकताच उतरला होता. तिला भाकरी पचत नव्हती, अंथरुणातून उठवतही नव्हतं. पोटाला हलकी आणि अंगात थोडी ताकद आणणारी साबुदाण्याची पेजच तेवढी ती घ्यायची. बाबा ट्रक चालवायचे. तामिळनाडूहून परतताना त्यांनी मातीनं माखलेला एक लांब, जाडजूड कंद आणला.

"हे काय लाकूड आणलं जी?" आईनं अंथरुणातूनच विचारलं.

"याचाच साबुदाना होते. कारखान्यात सोता पाहून आलो," बाबा म्हणाले.

मला वाटायचं, साबुदाणा ज्वारीसारखा कणसात लागतो. बाबांनी कंद सोलला, किसला आणि पाण्यात कालवून फडक्यातून पिळला. दुधासारखं पाणी निघालं. ते निवळल्यावर तळाशी पांढराशुभ्र साका बसला. त्याचा ओलसर चुरा फडक्याच्या झोळीत घालून बाबा हलवत राहिले, आणि बघता बघता त्याचे मोती झाले! मी श्वास घ्यायचीही विसरले.

बाबांनी ते दाणे तव्यावर टाकले, तशी आई भिंत धरून उठली आणि हळूहळू चुलीपाशी आली.

"सरका जी, करपून जातीन ते," म्हणत तिनं त्यांच्या हातातला उलथायचा सराटा घेतला.

माझे डोळे तव्यावरच खिळले होते. बाबा मात्र आईच्या पावलांकडं पाहत होते.