दोन बरण्यांतला सरडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी दूध उतू गेलं तरी सांगते.

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन बरण्या होत्या. दोन्हींत सुप्याच्या माळावरून मी स्वतः आणलेले सरडे. एकाच्या गळ्याला निळ्या-काळ्या कातडीचा पंखा, दुसरा साधा, मातकट. त्या दोन वेगळ्या प्रजाती असं मीच ठरवलं आणि दोन लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला ते फार आवडलं — खोटं कशाला बोलू?

वर्गात मात्र शिकवायचे वेगळंच. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. जे आपसांत जुगतात आणि ज्यांच्या पिलांनाही पुढे पिलं होतात, ते एका प्रजातीचे. हे मनावर घेतलं ते मंदानं. शेवटच्या वर्षाला होती, सुप्याहून एसटीनं यायची. एकदा बरण्यांपाशी थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, ही दोन न्हाईत, एकच हाय. पंखावाला नर, ही त्याची मादी. आमच्या घरामागं लई हायेत, रोज बघते मी."

"बघू," म्हणून मी हसले. पण चैन पडेना. परीक्षेआधीच्या रविवारी गुपचूप सुप्याला गेले आणि माळावर उन्हात बसून राहिले. दगडावर चढून नर पंखा फुलवत होता. मातकट सरडा जवळ आला — आणि दोघं जुगताना मी डोळ्यांनी पाहिलं. सोमवारी चिठ्ठ्या बदलल्या का? नाही. प्राचार्यांना काय सांगणार होते — मला नर-मादी ओळखता येत नाही?

प्रात्यक्षिक परीक्षेत ओळखायला त्याच बरण्या मांडल्या, चिठ्ठ्या झाकून. मंदानं दोन्हींना एकच नाव दिलं. एकीपुढे नर, दुसरीपुढे मादी. विच्छेदनात तिला नेहमीच कमी गुण पडायचे, म्हणजे ती पास-नापासच्या काठावरच होती. हेही मला ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या उत्तरावर बोट ठेवून विचारलं, हे काय? तेव्हा तरी बोलायचं ना?

मी म्हणाले, "पाठच केलेलं नाही तिनं, सर." आणि लाल पेननं फुली मारली.

ती दोन गुणांनी नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसलीच नाही. सुप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. मला जाब विचारायला ती कधी आली नाही. आपलंच चुकलं असेल, असं तिला वाटलं असणार. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सुट्टीत मी चिठ्ठ्या बदलल्या. पुढच्या वर्षी त्याच बरण्या परीक्षेला ठेवल्या, आणि 'एकच प्रजाती, नर व मादी' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण गुण दिले.