भायर म्हणजे बाहेर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तरी तिथेही दुसरंच काहीतरी बोलत राहिले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मागे दादरला एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि घरात ठेवायचं कुठे असा प्रश्न पडावा एवढं थोरलं मानचिन्ह. उभी हयात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेत घालवली म्हणून. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक पुढे करून विचारलं, सिस्टर, तरुणपणी तुम्ही या कामाकडे कशा वळलात? सगळ्यांना ऑपरेशन थिएटर हवं असतं, बाळं हवी असतात, म्हातारी माणसं कुणाला हवी असतात? मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. आजीचा फार लळा होता, वगैरे. टाळ्या पडल्या. मला आजी नव्हतीच. दोघीही माझ्या जन्माआधी गेलेल्या.

मग कशी वळले? थांबा, जरा मागून यावं लागेल.

मी लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, आई घरी चार माणसांची खाणावळ चालवायची, आणि घरातलं बोलणं सगळं मालवणी. हे एवढं साधं वाक्य तेव्हा माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकलं नसतं. परळच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला गेले आणि मी गिरगावची झाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो, मीच झाले. वडील कचेरीत कारकून झाले. आमचं आडनाव घाटावरही सापडतं, त्यामुळे निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉस्टेलात माझ्या खोलीतली एक मुलगी खरोखरच गिरगावची होती. ती वॉर्डातल्या आयांची नक्कल करायची — ‘खय गेल्लंस गो?’ — आणि पोरी लोळून हसायच्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. आईला सांगून ठेवलं होतं, भेटायला येऊ नको, इथे परवानगी नसते. ती बिचारी खरं मानून बसली.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. सगळ्या मराठी माणसांचं एक राज्य, तेही मुंबईसह. आम्हीही हॉस्टेलच्या गच्चीवरून घोषणा द्यायचो. मेट्रन ओरडायची, तरी द्यायचो. खाली रस्त्यावर माणसं मराठीसाठी गोळ्या खात होती, आणि मी गच्चीवर गळा फाडून ओरडत होते आणि आईची मराठी जिभेखाली दाबून ठेवत होते. तेव्हा हे मनात तरी आलं का? छे! घसा बसला याचाच अभिमान.

बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी होती. — तिचं नाव मी सांगणार नाही, तेवढा हक्क मला उरलेला नाही. — चाळीतल्या नळावर घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून ताणून ठेवलेला. उठायची सक्त मनाई. पहिल्याच दिवशी तिची चादर बदलताना मी तिला आधार दिला आणि माझ्या तोंडून निसटलं, ‘वायच.’ म्हणजे जरासं. एवढाच शब्द. पण म्हातारीचे डोळे असे लुकलुकले!

‘तू खयचा गो, चेडवा?’ तिने विचारलं. कुठली गं तू, पोरी?

‘मी गिरगावची,’ मी म्हटलं.

ती नुसती हसली. मिश्कील होती. तेव्हापासून मी जवळून गेले की हळूच, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणायची, ‘चेडवा.’ आणि मला दरदरून घाम फुटायचा. कुणी ऐकलं तर? मी तिच्या खाटेकडे जाणंच टाळायला लागले. तशी माझी गरजही नव्हती. आया होत्या, त्याही कोकणातल्या, त्यांचं आणि तिचं गूळपीठ होतं.

मग शहरात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. आया येऊ शकल्या नाहीत. नातेवाइकांना फाटकातून आत घेत नव्हते. म्हातारीचा एकुलता मुलगा गिरणी कामगार, तो मोर्चात पकडला गेला होता. वॉर्डात म्हातारीची बोली कळणारं माणूस एकच उरलं होतं.

भर दुपार. बाहेर कुठेतरी जवळच आवाज होत होते. म्हातारी चुळबुळ करत होती, मग हाका मारायला लागली, मग उठायला बघू लागली. वजनं खडखडली. हाउसमन धावत आला. चांगल्या घरचा तरुण डॉक्टर, बोलणं स्वच्छ, पुस्तकासारखं. तो आला म्हणून मलाही जावं लागलं.

‘माका भायर जावचा आसा,’ म्हातारी म्हणत होती. पुन्हा पुन्हा तेच. ‘माका भायर जावचा आसा गो.’

आता तुम्हाला सांगते. आमच्यात बाईमाणसाला लघवीला लागली, परसाकडे लागली, तर ती तसं म्हणत नाही. भायर जावचा, म्हणते. आया एवढं ऐकलं की पडदा ओढून भांडं आणायच्या. मी जन्मापासून हे ऐकत आलेली. आई म्हणायची, शेजारणी म्हणायच्या, मीही म्हणायचे.

‘काय म्हणताहेत या?’ डॉक्टरने मला विचारलं. ‘तुम्हाला काही कळतंय?’

तिने माझ्याकडे पाहिलं. हक्काने पाहिलं, आपलं माणूस जवळ आहे म्हटल्यावर बघतात ना, तसं. आणि मी — मी काय करायला हवं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक?

‘बाहेर जायचं म्हणताहेत, डॉक्टर,’ मी म्हणाले.

बघा, शब्दाला शब्द खरा आहे. भायर म्हणजे बाहेर. कुठल्याही कोर्टात मला कुणी खोटं पाडू शकणार नाही.

‘आता कुठे बाहेर जाता, आजी? बाहेर गोळ्या चालल्यात,’ तो म्हणाला. खरं तर मायेने म्हणाला. मुलाच्या काळजीने म्हातारीचं चित्त फिरलं असं त्याला वाटलं. उठली तर हाड पुन्हा सरकेल, म्हणून हात बांधा म्हणाला, आणि झोपेचं इंजेक्शन सांगितलं. हात मी बांधले. बँडेजच्या पट्टीने, खाटेच्या दांड्याला, शिकवल्याप्रमाणे, मनगटाला रग लागू नये अशी आत कापसाची घडी घालून. माझ्या गाठी फार सुबक असत.

डॉक्टर गेला की भांडं देईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण तेवढ्यात खाली जखमी पोरं आली, माणसं कमी पडली, आणि तो म्हणाला, तुम्ही थिएटरला चला. थिएटर! मी कधीपासून ज्याची वाट बघत होते ते. मी गेले. आनंदाने गेले, हेही सांगून टाकते. तिथे मी उत्तम काम केलं.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. म्हातारी जागी होती. अंथरूण ओलं, घाण, गार पडलेलं. हात बांधलेलेच. मी हात सोडले, तिला पुसलं, कोरड्या चादरीवर घेतलं. ती छताकडे बघत होती. मग जड जिभेने, एकेक शब्द जुळवत, अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, ‘बाई, तुम्हाला त्रास झाला.’

चेडवा गेली. मी बाई झाले. तिने माझं गुपित राखलं, कळतंय का तुम्हाला? मी गिरगावची म्हटलं होतं ना, मग गिरगावचीच.

त्या दिवसापासून तिने पाणी बंद केलं. पेज नको, चहा नको. ‘नको बाई.’ का, ते वॉर्डात कुणाला उमगेना. आया परतल्या, त्यांनीही विनवलं. मला ठाऊक होतं. पोटात गेलं की बाहेर जावं लागतं, आणि आता तिला कुणापाशी काही मागायचं नव्हतं. तिच्या बोलीतलं एक वाक्य मी तिच्या कानाशी बोलले असते तर? ती प्यायली असती का? ठाऊक नाही, मी बोललेच नाही. ती गेली. कागदावर न्यूमोनिया आला. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बायका तेव्हा बहुतेक अशाच जात. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय.

पुढे परीक्षा झाल्यावर थिएटरची जागा मिळत होती ती मी नाकारली, आणि कुणाला नको असलेला म्हाताऱ्यांचा वॉर्ड मागून घेतला. मेट्रनला वाटलं, पोरीला वेड लागलं. मग घरोघरी जाऊ लागले — लालबाग, परळ, शीव, थेट कॉटन ग्रीनच्या चाळी. एवढी मुरले, की औषध काय नि किती द्यायचं ते मी सांगायचे आणि डॉक्टर सही करायचे. म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं तर आधी ओटीपोट चाचपा, इंजेक्शन मागाहून. पाणी पीत नसेल तर लाज कशाची वाटते ते विचारा. हे मी कितीतरी मुलींना शिकवलं. त्या वह्यांत उतरवून घेत. हे तुम्ही कुठे शिकलात, असं एकीनेही विचारलं नाही.

पण सांगायचं ते हे नव्हे. इथवरचं मी निदान स्वतःशी तरी कबूल करत आले. खरं राहिलंय ते पुढचं.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी तिचा मुलगा आला. कोठडीतून सुटून थेट. दाढी वाढलेली, सदरा फाटलेला. त्याला वाटत होतं आई आहे. आयांनी सांगितलं तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला. मग कुणीतरी त्याला दाखवलं, की त्या दिवशी वॉर्डात त्या सिस्टर होत्या. तो उठून माझ्यापाशी आला. वडिलांच्या अंगाला यायचा तोच तेलाचा, कापसाचा वास त्याच्या अंगाला होता.

‘बाय, शेवटाक आवस काय बोलली?’ त्याने विचारलं. शेवटी आई काय बोलली?

आजूबाजूला कुणी नव्हतं. डॉक्टर नव्हता, हॉस्टेलच्या पोरी नव्हत्या. लपवायचं ते कुणापासून?

‘मला त्यांची भाषा समजत नव्हती,’ मी म्हणाले.

त्याने मान हलवली. ‘खरा आसा,’ म्हणाला. ‘तुमका कशी समजतली?’ आणि आईचं केलंत, म्हणून त्याने मला वाकून नमस्कार केला.

तो मी घेतला, आणि वॉर्डात परत गेले.