शांततेचं रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगसाठी चर्चमधले पंखे बंद केले होते. दीडशे वर्षांपूर्वीचा ऑरेटोरिओ, म्हणजे बायबलमधली कथा सांगणारं भलंमोठं समूहगान, आम्ही त्याच काळातल्या वाद्यांच्या साथीने गात होतो. दमट हवेत व्हायोलिनच्या, जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारा सारख्या बेसूर व्हायच्या. त्या लावून झाल्या की पुन्हा ऑरेटोरिओतला तोच विलाप. आई जाऊन महिना झाला होता, तरी मी तो दरवेळी अगदी सुरात गायले. आत काही हललं नाही.

शेवटी रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आता तुकडे जोडताना मध्ये घालायला फक्त इथली शांतता घ्यायचीय. कुणी हलू नका."

कुणीतरी खोकलं. "पुन्हा," तो म्हणाला.

संपल्यावर माझ्या शेजारी गाणारी म्हणाली, "कसं गं जमतं तुला इतकं स्तब्ध राहायला?"

महिनाभर घरी माझा हाच रियाज चालला होता.